कॅप्टम आणि छातीच्या एक्स-रेवरचा लाल डाग

छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेली हवा, ओळखणाऱ्या एका मॉडेलचे निकाल मी आमच्या गटातील रेडिओलॉजिस्टांना दाखवत होते. एका एक्स-रेला मॉडेलने ठाम होकार दिला होता आणि तो कशाच्या आधारावर दिला हे दिसावे म्हणून कॅप्टम ही कोडची लायब्ररी वापरून काढलेला हीटमॅप, म्हणजे प्रतिमेच्या कोणत्या भागाचा निकालात किती वाटा आहे ते रंगांनी दाखवणारे चित्र, मी शेजारी ठेवला होता. डॉक्टरांनी तो नीट पाहिला आणि विचारले, "हवा वरच्या टोकाला आहे आणि तिथे तर तुमचा रंगच नाही. उत्तर बरोबर आणि जागा चुकीची, असे कसे?" मला तेव्हा काही सांगता आले नाही. पुढचे दोन दिवस मी मॉडेल उलटसुलट तपासले आणि शेवटी चूक माझ्याच पदरात पडली. हीटमॅप काढताना मी बेसलाइन म्हणून, म्हणजे तुलनेसाठीचे 'कोरे' चित्र म्हणून, पूर्ण काळे चित्र दिले होते, आणि काळ्या बेसलाइनच्या तुलनेत काळ्या हवेला श्रेय मिळणे त्या पद्धतीच्या गणितातच बसत नाही. कॅप्टमचे हे परीक्षण मुख्यतः अशाच गोष्टींविषयी आहे: लायब्ररी हिशेब चोख करते, मात्र कोणता हिशेब करायचा हे ठरवणाऱ्या तिच्या मूळ सेटिंग वैद्यकीय प्रतिमा नजरेसमोर ठेवून ठरवलेल्या नाहीत.

कॅप्टम ही पायटॉर्च या न्यूरल नेटवर्क घडवण्याच्या साधनातील मॉडेलांचे निकाल उलगडण्यासाठीची मुक्त आणि विनाशुल्क लायब्ररी आहे. फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या, संशोधकांनी ती ऑक्टोबर २०१९ मध्ये खुली केली. नावाचा उगम लॅटिन असून अर्थ आकलन असा आहे. इंटिग्रेटेड ग्रेडियंट्स, ग्रॅड-कॅम, डीपलिफ्ट, ऑक्लूजन, लाइम, शॅप्ली मूल्यांवर आधारित पद्धती, संकल्पनांच्या आधारे तपासणारी टीकॅव्ह असा मोठा संच तिच्यात एका छपराखाली मिळतो, आणि या सगळ्यांना हाक मारण्याची रीत जवळपास सारखीच आहे. मॉडेल देऊन पद्धतीची वस्तू तयार करायची, मग तिला प्रतिमा आणि कोणत्या निदानाविषयी विचारायचे ते सांगायचे, की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याचा आकडा हातात येतो. एक पद्धत काढून दुसरी लावायला दोन ओळी बदलाव्या लागतात. पूर्वी ज्यांनी वेगवेगळ्या शोधनिबंधांसोबतचा कोड गोळा करून तो एकमेकांशी जुळवण्यात दिवस घालवले आहेत, त्यांना ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको.

आता त्या काळ्या बेसलाइनकडे येते, कारण या लायब्ररीचे गुण आणि धोके तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतात. इंटिग्रेटेड ग्रेडियंट्स ही २०१७ मध्ये मांडली गेलेली पद्धत एका 'काहीच नसलेल्या' चित्रापासून, म्हणजे बेसलाइनपासून, प्रत्यक्ष प्रतिमेपर्यंत सरळ रेषेत पावले टाकते, प्रत्येक पावलावर ग्रेडियंट, म्हणजे पिक्सेल किंचित बदलल्यास निकाल किती बदलतो ते, मोजते, त्यांची सरासरी काढते आणि शेवटी प्रतिमा व बेसलाइन यांतील फरकाने ती गुणते. या गुणाकाराचा फायदा असा की सर्व पिक्सेलांचे वाटे मिळवले तर मॉडेलच्या दोन निकालांतला फरक बरोबर निघतो. समजा, बेसलाइनला मॉडेलने उणे २ गुण दिले आणि प्रतिमेला ३, तर वाट्यांची बेरीज ५ यायला हवी, आणि ती किती चुकली हे कॅप्टम मागितल्यास सांगते. पण त्याच गुणाकारामुळे जो पिक्सेल बेसलाइनसारखाच आहे त्याचा वाटा शून्य होतो. कॅप्टममध्ये बेसलाइन दिली नाही तर शून्य धरली जाते. एक्स-रे ० ते १ या पट्टीवर आणलेला असेल तर शून्य म्हणजे काळा रंग, आणि फुप्फुसाभोवतीची मोकळी हवा एक्स-रेवर काळीच दिसते. मॉडेलने निदान त्याच काळ्या पट्ट्यावरून केले असले तरी हीटमॅपमध्ये तो पट्टा कोरा राहतो. न्यूमोनियाचा पांढरा डाग मात्र झगमगतो, त्यामुळे आधी न्यूमोनियावर तपासून 'पद्धत छान चालते' असे मनाशी ठरवलेला माणूस न्यूमोथोरॅक्सपाशी हमखास फसतो. मीही तशीच फसले.

सीटीच्या बाबतीत हाच शून्य आणखी वेगळे रूप घेतो. सीटीतील घनता दाखवणाऱ्या हाउन्सफील्ड मोजपट्टीवर शून्य म्हणजे पाणी आणि उणे १००० म्हणजे हवा. मूळ आकडे न बदलता मॉडेलला दिले असतील, तर लायब्ररीने गृहीत धरलेली बेसलाइन ही 'काहीच नसलेली' छाती राहत नाही, ती पाण्याने काठोकाठ भरलेली छाती होते. फुप्फुसांसाठी नेहमी वापरली जाणारी उणे १३५० ते १५० ही खिडकी, म्हणजे आकड्यांचा तेवढाच पट्टा, घेऊन आकडे ० ते १ मध्ये बसवले, तर शून्याचा अर्थ हवेपलीकडचा अंधार होतो आणि पाणी ०.९ वर जाऊन बसते. नैसर्गिक छायाचित्रांवर आधी शिकलेल्या मॉडेलासाठी सरासरी वजा करून प्रतिमा दिली असेल, तर तोच शून्य मध्यम करडा रंग ठरतो. तिन्ही वेळा कोडची ओळ अक्षरशः तीच असते, तिन्ही वेळा चित्र तितकेच देखणे निघते आणि तिन्ही वेळा उत्तर निरनिराळ्या प्रश्नाचे असते. लायब्ररी यातले काही लपवत नाही; बेसलाइन देण्यासाठी जागा आहे आणि दस्तऐवजात तिचा उल्लेखही आहे. तरीही ती जागा रिकामी सोडली तर कोणतीही सूचना येत नाही. निरोगी एक्स-रेंची सरासरी किंवा त्याच प्रतिमेची खूप धूसर केलेली आवृत्ती बेसलाइन म्हणून देणे मला अधिक सयुक्तिक वाटते. एकाऐवजी अनेक बेसलाइन घेऊन चालणारी ग्रेडियंट शॅप ही पद्धतही कॅप्टममध्ये आहे. वीस-पंचवीस निरोगी एक्स-रे तिला दिले की काळ्या-पांढऱ्याचा हा पक्षपात बराच कमी होतो.

डॉक्टरांनी त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला होता: "हा लाल म्हणजे किती?" दिसायला साधा, पण चित्रे काढून देणाऱ्या भागाची परीक्षा घेणारा हा प्रश्न आहे. कॅप्टमचे चित्र काढणारे फंक्शन प्रत्येक हीटमॅप त्याच्या स्वतःच्या कमाल मूल्यावर मोजून बसवते आणि त्याआधी टोकाची २ टक्के मूल्ये छाटते. रंगपट्टी मुळात बंद असते. चिन्हाची निवड केली नाही तर केवळ परिमाण दाखवले जाते, म्हणजे निदानाच्या बाजूने बोलणारा पिक्सेल आणि विरुद्ध बोलणारा पिक्सेल एकाच रंगात रंगतात. परिणाम असा की मॉडेलने ३ टक्के शक्यता दिलेला एक्स-रे आणि ९७ टक्के दिलेला एक्स-रे हे दोन्ही सारख्याच लालीने समोर येतात. मांजर की कुत्रा एवढेच पाहायचे असेल तर हे चालून जाते. वाचणारा मात्र त्या लालीचा अर्थ रोगाची तीव्रता असा घेणार असेल, तर ही सेटिंग घातक आहे. मी आता सर्व प्रतिमांसाठी एकच मोजपट्टी ठरवून घेते, रंगपट्टी नेहमी दाखवते आणि बाजूचे व विरुद्धचे वाटे दोन वेगळ्या रंगांत देते. त्यामुळे चित्रे फिकट आणि कंटाळवाणी होतात, बहुतेकांवर काहीच ठळक दिसत नाही, आणि खरी स्थिती तीच असते.

ग्रॅड-कॅम ही वैद्यकीय प्रतिमांच्या क्षेत्रातली सर्वांत लाडकी पद्धत; मॉडेलच्या शेवटच्या थरातला कोणता भाग निदानाला महत्त्वाचा ठरला ते ती दाखवते. तिची पूर्वज असलेली कॅम पद्धत छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या २०१७ च्या चेक्सनेट प्रकल्पात हीटमॅपसाठी वापरली गेली आणि तेव्हापासून छातीवर इंद्रधनुषी ढग काढण्याची प्रथाच पडली. चेक्सनेटमध्ये वापरलेल्या डेन्सनेट-१२१ या रचनेला २२४ बाय २२४ पिक्सेलांची प्रतिमा दिली, तर शेवटच्या थरापाशी तिचे केवळ ७ बाय ७ चौकोन उरतात. ग्रॅड-कॅमला जे काही दिसते ते या ४९ चौकोनांत. एकेक चौकोन मूळ प्रतिमेतील ३२ बाय ३२ पिक्सेलांची जागा व्यापतो. चौकोनांचा हा नकाशा मोठा करताना कॅप्टमचे स्वतःचे फंक्शन न सांगितल्यास जवळचे मूल्य जसेच्या तसे पसरवते, त्यामुळे चित्र ठोकळेबाज दिसते. अनेक वापरकर्ते त्यावर नाराज होऊन लगेच गुळगुळीत करणारा पर्याय निवडतात. माझे मत उलट आहे. ठोकळे दिसले की पाहणाऱ्याला नकाशाचा खडबडीतपणा आपोआप कळतो. गुळगुळीत ढग मात्र आपल्याला गाठीची कडा सापडली आहे असा भास निर्माण करतो, आणि ती अचूकता मूळ आकड्यांत नसतेच. येथे आणखी एक बारीक बाब ध्यानात ठेवावी: मूळ शोधनिबंधातील ग्रॅड-कॅम ऋण मूल्ये शून्य करते, कॅप्टम मात्र सांगितल्याशिवाय तसे करत नाही. म्हणून 'ग्रॅड-कॅम वापरले' एवढ्या वाक्यावरून दोन ठिकाणची चित्रे तुलनेला घेता येत नाहीत.

एवढे असूनही ग्रॅड-कॅमला बाजूला टाकता येत नाही. छातीच्या एक्स-रेवर सात पद्धतींची रेडिओलॉजिस्टांनी आखलेल्या जागांशी तुलना करणारा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकंदरीत ग्रॅड-कॅम इतरांपेक्षा सरस ठरली, पण माणसाच्या तुलनेत सगळ्याच मागे पडल्या, आणि विकृती जितकी लहान किंवा आकाराने गुंतागुंतीची तितके हे अंतर वाढले. ४९ चौकोनांचे गणित मनात असले की या निष्कर्षाचे नवल वाटत नाही.

डॉक्टरांना कोणती पद्धत पटते असे विचाराल, तर ऑक्लूजन. प्रतिमेचा एकेक तुकडा झाकायचा आणि मॉडेलचा निकाल किती घसरतो ते पाहायचे, हे सांगायला ग्रेडियंट हा शब्दही लागत नाही. १६ पिक्सेलांची खिडकी ८ पिक्सेलांच्या पावलांनी २२४ बाय २२४ च्या प्रतिमेवर फिरवली तर २७ बाय २७, म्हणजे ७२९ वेळा मॉडेल चालवावे लागते. कॅप्टम मुळात एका वेळी एकच तुकडा झाकून पाहते, म्हणून एकाच फेरीत अनेक तुकडे तपासण्याचा आकडा आठवणीने वाढवावा. नाही तर ग्राफिक्स कार्ड रिकामे बसते आणि आपण पडद्याकडे बघत राहतो. खरी अडचण वेळेची नाही. फुप्फुसावर टाकलेला काळा चौकोन मॉडेलच्या दृष्टीने हवेचा कप्पा असू शकतो आणि करडा चौकोन न्यूमोनियाचा डाग असू शकतो. माहिती काढून घेतली असे आपण समजतो आणि प्रत्यक्षात नवा आजार चिकटवून ठेवलेला असतो.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेली सोय या लायब्ररीच्या एका कोपऱ्यात आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. झाकण्याच्या पद्धतींना आपण स्वतःचा मुखवटा देऊ शकतो, म्हणजे कोणते पिक्सेल एक गट म्हणून एकत्र झाकायचे हे सांगू शकतो. सीटीमध्ये फुप्फुसाचे पाच खंड आखून घेतले, उजवीकडचे तीन आणि डावीकडचे दोन, आणि उरलेले सारे सहावा गट मानले, तर प्रश्न लाखो पिक्सेलांचा न राहता सहा गटांचा होतो. सहा गटांचे क्रम ७२० होतात, त्यामुळे शॅप्ली मूल्ये, म्हणजे गट वेगवेगळ्या क्रमांनी सामील केल्यावर प्रत्येकाच्या वाट्याची सरासरी, अंदाजाने न काढता सगळे क्रम तपासून काढता येतात. हाती येणारे उत्तर सहा आकड्यांचे असते: उजव्या खालच्या खंडाचा वाटा इतका, डाव्या वरच्याचा इतका, फुप्फुसाबाहेरचा इतका. रेडिओलॉजिस्ट ज्या भाषेत अहवाल लिहितात तीच ही भाषा आहे. शिवाय शेवटचा आकडा, म्हणजे फुप्फुसाबाहेरच्या भागाचा वाटा, मोठा निघाला की त्या निकालाकडे संशयाने पाहायचे हे कोणालाही सांगावे लागत नाही. केवळ या एका सोयीसाठीही मी कॅप्टमची शिफारस करीन.

हीटमॅप खरोखर मॉडेलविषयी बोलतो आहे की नुसत्या प्रतिमेतील कडा गिरवतो आहे, हे तपासण्याची एक सोपी कसोटी २०१८ मध्ये मांडली गेली. मॉडेलची शिकलेली वजने, म्हणजे शिकवणीतून ठरलेले त्याच्या आतले आकडे, विस्कटून टाकायची आणि पुन्हा हीटमॅप काढायचा. तो जवळपास तसाच राहिला तर त्याचा मॉडेलच्या ज्ञानाशी संबंध नाही. गायडेड बॅकप्रॉपगेशन या ग्रेडियंटवर आधारित पद्धतीचे पितळ या कसोटीत उघडे पडले. ती पद्धत आणि तिची ग्रॅड-कॅमशी जोडलेली आवृत्ती या दोन्ही कॅप्टममध्ये उपलब्ध आहेत, आणि त्यांची चित्रे सर्वांत रेखीव, बरगडी न् बरगडी दाखवणारी येत असल्यामुळे नव्या माणसाचा हात आधी तिकडेच जातो. वजने विस्कटण्याची कसोटी मी स्वतः लिहिली, दहा-बारा ओळींत होते. हीटमॅप किती प्रामाणिक आणि किती स्थिर आहे हे मोजणारी दोन मापे मात्र कॅप्टममध्ये तयार मिळतात आणि ती वापरावीत. गोंगाट मिसळून सरासरी काढणाऱ्या नॉइज टनेलबाबत एक सावधगिरी हवी: त्यात गोंगाटाचे प्रमाणित विचलन न सांगता १ धरले जाते आणि नमुने फक्त ५ घेतले जातात. ० ते १ मध्ये बसवलेल्या एक्स-रेवर एवढा गोंगाट टाकला तर छाती दिसतच नाही.

बाकीच्या कुरबुरी थोडक्यात सांगते. मॉडेल संभाव्यता देत असेल तर हिशेब त्या आधीच्या कच्च्या गुणांवर करावा, कारण ०.९९ शक्यतेपाशी, गुणांचे शक्यतेत रूपांतर करणाऱ्या सिग्मॉइडचा उतार जेमतेम ०.०१ उरतो आणि साधे ग्रेडियंट मिणमिणते होतात. डीपलिफ्ट वापरायची असेल तर मॉडेलमधील प्रत्येक रेलू, म्हणजे ऋण आकडे शून्य करणारी पायरी, स्वतंत्र असावा लागतो. पायटॉर्चसोबत मिळणाऱ्या रेसनेट या तयार मॉडेलमध्ये एकच रेलू एका ठोकळ्यात पुन्हा पुन्हा वापरलेला असल्याने मॉडेलची थोडी डागडुजी करावी लागते. त्रिमितीय सीटीवर इंटिग्रेटेड ग्रेडियंट्स चालवताना सर्व ५० पावले एकदम स्मृतीत चढतात आणि कार्ड लगेच हात टेकते. ती तुकड्यातुकड्यांनी चढवण्यासाठीचा पर्याय आहे, तो द्यावा. डायकॉम हा वैद्यकीय प्रतिमांचा फाइल-प्रकार, स्लाइसमधील अंतर, प्रतिमेची दिशा यांतले लायब्ररीला काहीच ठाऊक नाही. तिला फक्त आकड्यांचा ठोकळा कळतो, म्हणून हीटमॅप मूळ प्रतिमेवर परत बसवताना डावे-उजवे उलटले नाही ना, हे आपणच पाहायचे. ज्यांना हे सारे वैद्यकीय चौकटीतच हवे असेल त्यांनी मोनाय ही वैद्यकीय प्रतिमांसाठीची लायब्ररी पाहावी. तिच्यात ग्रॅड-कॅम आणि ऑक्लूजन त्रिमितीय प्रतिमांसह मिळतात, मात्र पद्धतींचा पसारा कॅप्टमइतका नाही. मी दोन्ही ठेवते: प्रतिमा वाचणे व जागेवर बसवणे मोनायकडे, हिशेब कॅप्टमकडे.

मग ही लायब्ररी कोणी घ्यावी? मॉडेल घडवणाऱ्यांनी आणि ते बाहेर जाण्याआधी तपासणाऱ्यांनी जरूर घ्यावी. एखाद्या रुग्णाचा अहवाल लिहिताना शेजारी हीटमॅप ठेवून 'मॉडेल येथे पाहते आहे, म्हणून विश्वास ठेवा' असे डॉक्टरांना सांगण्यासाठी घेऊ नये. मॉडेल कुठे पाहते आहे हे कळले तरी तिथे काय पाहते आहे हे हीटमॅप सांगत नाही. हृदयावर लाल डाग आला तर तो हृदयाच्या आकारामुळे, कडेमुळे की त्यावरून गेलेल्या पेसमेकरच्या तारेमुळे, हा प्रश्न तसाच उरतो. मॉडेल आडवाटेने उत्तर गाठते आहे का, हे शोधण्यात मात्र ही साधने खरी कामाला येतात. २०१८ च्या एका अभ्यासात न्यूमोनियाचे मॉडेल एक्स-रे कोणत्या रुग्णालयातून आला हे ओळखत असल्याचे दिसले आणि हीटमॅपमध्ये फुप्फुसांऐवजी तंत्रज्ञाने ठेवलेले धातूचे दिशादर्शक अक्षर उजळले. २०२१ मध्ये कोविड ओळखणाऱ्या मॉडेलांविषयीही असेच निष्कर्ष आले. न्यूमोथोरॅक्समध्ये ही आडवाट म्हणजे हवा काढण्यासाठी आधीच घातलेली छातीतील नळी: निदान आणि उपचार होऊन गेलेल्या रुग्णाला मॉडेल बरोबर ओळखते, आणि ज्याला अजून नळी घातलेली नाही तो निसटतो.

सुरुवातीच्या त्या एक्स-रेचा हीटमॅप मी निरोगी एक्स-रेंच्या सरासरीची बेसलाइन घेऊन, रंगपट्टीसह पुन्हा काढला आणि डॉक्टरांकडे नेला. वरच्या टोकाच्या हवेवर आता रंग आला होता. तो पाहून त्यांनी मान डोलावली आणि बोट खाली, बरगड्यांच्या मधून आडव्या गेलेल्या एका बारीक रेघेवर ठेवले. तिथला रंग वरच्यापेक्षा गडद होता. "ही नळी आहे," ते म्हणाले. नळीचा मुखवटा आखून ती जागा भोवतालच्या पोताने भरली आणि मॉडेल पुन्हा चालवले, तेव्हा त्याचा ठाम होकार डळमळला. मॉडेल निर्दोष ठरवून मी लिहिलेली टिपणी त्याच संध्याकाळी मागे घेतली आणि शिकवणीच्या संचातील नळी असलेले एक्स-रे वेगळे काढायला बसले.